लग्नाचा पोशाख आणि शाळेचा गणवेश: कोणता संकेत पाळावा, कोणता बदलावा

औपचारिक पोशाखाचे दिवस सरले असे म्हणणारे आणि जुने संकेत जसेच्या तसे पाळा असे बजावणारे, या दोघांच्याही बोलण्यातून एक प्रश्न सहसा निसटतो, तो म्हणजे हा संकेत नेमका कोणाच्या सोयीसाठी आहे? लग्नाला येणारा पाहुणा टापटीप येतो, तो ज्यांचे लग्न आहे त्यांचा मान राखण्यासाठी. शाळेतली मुले एकसारखे कपडे घालतात, ती कोणाच्या घरची ऐपत वर्गात पाऊल टाकताच दिसू नये म्हणून. ज्या संकेताने कोणाचे तरी ओझे हलके होते तो संकेत आजही मोलाचा आहे असे मी मानतो, आणि ज्याने नेमके दुबळ्याच्याच खांद्यावर ओझे वाढते तो कितीही जुना असला तरी बदलला पाहिजे. पाहुणा, यजमान, पालक आणि शाळा चालवणारी माणसे यांना ही कसोटी प्रत्यक्षात कशी लावता येईल, ते पुढे सांगितले आहे.

निमंत्रण कसे वाचावे

निमंत्रणपत्रिकेत पोशाखाविषयी एखादी ओळ असेल, तर ती सूचना म्हणून वाचावी आणि पाळावी. पाश्चात्त्य पद्धतीच्या समारंभांत या ओळीचे ठरलेले अर्थ आहेत. ‘व्हाइट टाय’ म्हणजे संध्याकाळचा सर्वांत औपचारिक पोशाख. त्यात पुरुषांनी मागे लांब शेपट्या असलेला काळा कोट, पांढरा वेस्टकोट आणि पांढरा बो टाय घालायचा असतो, तर स्त्रियांनी पायघोळ गाऊन. ‘ब्लॅक टाय’ ही त्याच्या खालची पायरी असून तीत डिनर जॅकेट, म्हणजे शेपट्या नसलेला औपचारिक कोट, आणि काळा बो टाय येतो. ‘मॉर्निंग ड्रेस’, म्हणजे पुढून तिरका कापलेला आणि मागे लांब असलेला कोट, फक्त दिवसाच्या समारंभासाठी असतो, आणि ‘लाउंज सूट’ असे लिहिले असेल तर रोजच्या वापरातला चांगला सूट पुरतो. वेळेचे भान इथे महत्त्वाचे आहे, कारण परंपरेने डिनर जॅकेट हा संध्याकाळचाच पोशाख मानला जातो आणि दुपारच्या लग्नात तो विसंगत दिसतो.

अशी ओळ वाचून पुष्कळांना वाटते की आपल्याला परका वेष विकत घ्यावा लागणार. बहुतेक वेळा तशी गरज नसते. स्टॉकहोममध्ये नोबेल पारितोषिकांच्या वितरणाला आजही व्हाइट टायचा दंडक आहे, परंतु त्याच दंडकात राष्ट्रीय पोशाखालाही समान स्थान आहे. १० डिसेंबर २०१९ रोजी अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी यांनी तिथे धोतर नेसून आणि एस्तेर ड्युफ्लो यांनी साडी नेसून पारितोषिक स्वीकारले, आणि त्यात कोणताही नियम मोडला गेला नाही. आपल्या परंपरेतील समारंभाचा पूर्ण पोशाख हा त्याच दर्जाचा औपचारिक पोशाख असतो. मात्र तो पूर्ण असावा. अर्धा परंपरेतला आणि अर्धा घाईत हाताला लागलेला असा नसावा.

पत्रिकेत काहीच लिहिलेले नसेल, तर समारंभाची वेळ, जागा आणि खुद्द निमंत्रणाचे स्वरूप या तीन गोष्टींवरून अंदाज बांधता येतो. प्रार्थनास्थळातील विधी, सभागृहातील स्वागत समारंभ आणि बागेतला घरगुती मेळावा यांना एकच पोशाख चालत नाही. तरीही शंका उरली तर सरळ विचारावे, परंतु ते वधूला किंवा वराला विचारू नये, कारण लग्नाच्या आठवड्यात त्यांच्यापुढे आधीच शंभर प्रश्न असतात. त्यांच्या भावंडाला किंवा जवळच्या मैत्रिणीला विचारावे. विचारूनही नेमके उत्तर मिळाले नाही, तर पोशाख साध्यापेक्षा एक पायरी वरचा निवडावा. अंगातला कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावता येतो, पण घरी राहिलेला कोट ऐनवेळी आणता येत नाही.

रंगाच्या बाबतीत दोनच नियम लक्षात ठेवले तरी पुरे. ज्यांचे लग्न आहे त्यांचा रंग आपण घालू नये, आणि त्या घरात जो रंग शोकाचा मानला जातो तोही घालू नये. हे दोन्ही रंग सर्वत्र सारखे नसतात, म्हणून घर अनोळखी असेल तर आधी विचारणे बरे. पाश्चात्त्य वधूचा पांढरा पोशाख अनादि काळापासून चालत आला आहे असा समज आहे, पण तो तितका जुना नाही. १० फेब्रुवारी १८४० रोजी राणी व्हिक्टोरियाने विवाहात पांढरा पोशाख घातला आणि त्यानंतर ती पद्धत रुजत गेली. त्याआधी बहुतेक वधू आपल्याकडचा सर्वांत चांगला पोशाख घालत, मग त्याचा रंग कोणताही असो. दुसरीकडे अनेक समाजांत पांढरा हाच शोकाचा रंग आहे, तर जपानमध्ये लग्नघरच्या जवळच्या विवाहित स्त्रिया काळा किमोनो नेसतात आणि तोच त्यांचा सर्वांत औपचारिक पोशाख असतो. त्यामुळे ‘लग्नात काळे चालत नाही’ किंवा ‘पांढरे चालते’ अशी सरसकट विधाने कोणी करू लागले, तर ती त्या घरापुरती तपासून घ्यावीत.

विधी प्रार्थनास्थळात असेल तर तिथल्या रीतीपुढे फॅशनचा विचार दुय्यम ठरतो. गुरुद्वारात सर्वांनीच डोके झाकायचे असते, सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, पुरुष डोके झाकतात, आणि चर्चमध्ये पुरुष टोपी काढतात. डोक्यावर घेता येईल आणि खांदेही झाकता येतील असे एक मोठे वस्त्र सोबत असले की बहुतेक अडचणी सुटतात. चपला-बूट बाहेर काढायचे असतील तर पायमोजे आदल्या रात्रीच पाहून ठेवावेत. टाचेला भोक पडलेला मोजा बुटात असेपर्यंत कोणाला दिसत नाही, पण तिथे तो सगळ्यांसमोर येतो.

पोशाख कितीला घेतला यापेक्षा तो अंगावर कसा बसतो याने जास्त फरक पडतो, आणि हे तपासायला आरशासमोर नुसते उभे राहणे पुरेसे नाही. कोटाची खांद्याची शिवण आपल्या खांद्याचे हाड जिथे संपते तिथेच यायला हवी. ती दंडावर उतरत असेल तर कोट दुसऱ्याचा वाटतो, आणि ही एक गोष्ट दुरुस्त करणे शिंप्यालाही जड जाते. बाहीची लांबी, पँटची दुमड, कमरेचा सैलपणा या गोष्टी मात्र सहज सुधारता येतात. म्हणून जुना कपडा निवडताना खांदे जुळतात की नाही ते आधी पाहावे आणि बाकीचे शिंप्यावर सोपवावे. त्यानंतर तो पोशाख घालून खुर्चीवर बसावे, दोन्ही हात वर करून पाहावे, वाकून जमिनीवरची वस्तू उचलावी आणि जिना चढून पाहावा. लग्नात माणूस तासन् तास बसतो, वाकून नमस्कार करतो, मुले उचलून घेतो. या हालचालींत जो पोशाख सारखा सावरावा लागतो, तो कितीही सुंदर असला तरी त्या दिवसासाठी योग्य नव्हे. नवे बूट आठवडाभर आधी घरात वापरून ठेवावेत. कोणाचा पोशाख मागून घेणे किंवा भाड्याने आणणे यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही, कारण पाहणाऱ्याला कपडा स्वच्छ आहे का, इस्त्री केलेला आहे का आणि नीट बसतो आहे का, एवढेच दिसते.

यजमानांसाठी थोडेसे

पाहुण्यांनी ठरावीक प्रकारे यावे अशी इच्छा असेल, तर ती पत्रिकेत एका स्पष्ट ओळीत आणि पुरेशी आधी कळवावी. ‘पेस्टल शिमर’ किंवा ‘गार्डन ग्लॅम’ असली मोघम शीर्षके देऊ नयेत, कारण त्यांचा अर्थ लावता लावता लोक हैराण होतात आणि शेवटी नवी खरेदी करून बसतात. समारंभ बागेत आहे, जमीन ओली असेल, संध्याकाळी गारठा पडेल, ही माहिती कोणत्याही शीर्षकापेक्षा उपयोगी असते. जवळच्या मंडळींनी एका रंगाचे किंवा एकाच कापडाचे कपडे घालावेत असा आग्रह असेल, तर त्याचा खर्च यजमानांनी उचलावा. ते शक्य नसेल तर आग्रह सोडावा. आणि एखादा पाहुणा सांगितलेल्या पोशाखात आला नाही, तर त्याविषयी त्या दिवशी एक अक्षरही बोलू नये. त्याला छायाचित्रात मागच्या रांगेत सरकवणे हेसुद्धा बोलण्यासारखेच असते.

शाळेचा नियम तपासताना

लग्नातला संकेत एका दिवसाचा असतो आणि पाहुणा मनात आणले तर निमंत्रण नाकारू शकतो. शाळेत मूल रोज जाते, नाकारण्याची सोय त्याला नसते, आणि नियम मोडल्याची शिक्षा त्यालाच भोगावी लागते. म्हणून शाळेच्या नियमाची तपासणी कितीतरी काटेकोर असायला हवी.

गणवेशाचा उगम पाहिला तर त्यामागचा चांगला हेतू दिसतो. १५५२ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेली ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ ही संस्था निराधार आणि गरीब मुलांसाठी होती. तिथल्या मुलांना लांब निळा कोट आणि पिवळे मोजे दिले जात, आणि जवळजवळ तोच गणवेश ती शाळा आजही वापरते. ज्याला कपडे नाहीत त्याला कपडे देणे, ही गणवेशाची सुरुवात होती. आज अनेक ठिकाणी नेमके उलट झाले आहे: कपडे विकत घेण्याची ऐपत नसेल तर शाळेच्या दारात मुलाला अडवले जाते. गणवेशाची बाजू घेणाऱ्या प्रत्येकाने आधी या उलथापालथीचा विचार करावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गणवेशाने काय साधते आणि काय साधत नाही, याविषयीच्या अपेक्षाही जमिनीवर असाव्यात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लाँग बीचच्या शाळांनी १९९४ मध्ये आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी गणवेश सक्तीचा केला आणि त्यानंतर तिथले गैरवर्तन घटल्याच्या बातम्या देशभर पसरल्या. परंतु त्याच काळात तिथे इतरही सुधारणा चालू होत्या, त्यामुळे श्रेय एकट्या गणवेशाला देता येत नाही. ब्रन्स्मा आणि रॉकेमोर या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गणवेशाचा उपस्थितीवर, वर्तनावर किंवा व्यसनांवर थेट परिणाम आढळला नाही. याउलट केनियात जेव्हा मुलांना गणवेश मोफत दिले गेले, तेव्हा त्यांची अनुपस्थिती कमी झाली आणि ज्यांच्याकडे आधी गणवेशच नव्हता त्यांच्यात हा फरक अधिक दिसला. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की शाळांनी कशावर भर द्यावा ते समजते. गणवेशाची सक्ती करून शिस्त येईल ही आशा ठेवण्यापेक्षा, तो प्रत्येक मुलाच्या हातात कसा पडेल हे पाहणे जास्त फलदायी आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. शाळेचे पोशाखाविषयीचे सगळे नियम एका कागदावर लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर त्याचे कारण लिहावे. ‘शिस्तीसाठी’ हे कारण धरू नये, कारण ते कोणत्याही नियमापुढे लिहिता येते. ‘प्रयोगशाळेत सैल ओढणी पेटू शकते’ हे कारण आहे; ‘सहलीत मूल ओळखू यावे’ हेही कारण आहे. ज्या नियमासमोरची जागा कोरी राहील, तो नियम काढून टाकावा.

त्यानंतर खर्चाकडे वळावे. गणवेश महाग होतो तो बहुधा कापडामुळे नव्हे, तर शाळेचे चिन्ह विणलेला स्वेटर, ठरावीक छटेची पँट, नाव छापलेले मोजे आणि खेळाचा वेगळा संच हे सगळे एकाच दुकानातून घ्यावे लागते यामुळे. चिन्ह कपड्यावर विणलेले असण्याऐवजी वरून शिवता येईल असा बिल्ला असेल, तर कोणताही साधा निळा स्वेटर चालतो आणि तोच बिल्ला उसवून पुढच्या वर्षीच्या स्वेटरवर लावता येतो. इंग्लंडने २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चाविषयी स्वतंत्र कायदा केला. त्याखालील मार्गदर्शक सूचनांनुसार शाळांनी चिन्हांकित कपडे कमीत कमी ठेवावेत आणि वापरलेले गणवेश पालकांना मिळतील अशी सोय करावी लागते. यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. वर्ष संपताना आखूड झालेले कपडे गोळा करायचे, धुऊन-इस्त्री करून मापाप्रमाणे लावायचे आणि पुढच्या वर्षाच्या आधी ज्याला हवे त्याने न्यायचे, एवढी व्यवस्था कोणतीही पालक समिती करू शकते. फक्त ती सर्वांसाठी खुली ठेवावी. ‘गरजूंसाठी’ अशी पाटी लावली की ज्याला खरी गरज आहे तोच तिकडे फिरकत नाही.

नियम कपड्यापुरता आहे की शरीरापर्यंत जातो, हे तिसरे पाहावे. कपडा संध्याकाळी काढून ठेवता येतो, केस आणि कातडी काढून ठेवता येत नाहीत. जपानमधील ओसाकात जन्मतः तपकिरी केस असलेल्या एका विद्यार्थिनीला ते वारंवार काळे रंगवायला लावले गेले, आणि २०१७ मध्ये हे प्रकरण न्यायालयात गेले. पुढे टोकियोच्या महानगर प्रशासनाने आपल्या उच्च माध्यमिक शाळांतून असे नियम एप्रिल २०२२ पासून हटवले. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियातील एका मुलींच्या शाळेत २०१६ मध्ये कृष्णवर्णीय मुलींनी केसांच्या नियमांविरुद्ध आवाज उठवला, कारण त्यांचे नैसर्गिक केसच नियमाच्या दृष्टीने ‘अव्यवस्थित’ ठरत होते. केस स्वच्छ असावेत आणि डोळ्यांवर येऊ नयेत, याच्या पुढे शाळेने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रद्धा आणि परंपरा यांच्या खुणांबाबत न्यायालयांनी बरेच दिवसांपूर्वी वाट दाखवली आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅममधील एका खाजगी शाळेने पगडी काढून केस कापल्याशिवाय एका शीख मुलाला प्रवेश देण्यास नकार दिला होता. १९८३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो भेदभाव ठरवला. डर्बनमधील शाळेत नाकात छोटी चमकी घालणाऱ्या मुलीच्या बाजूने दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने २००७ मध्ये निर्णय दिला, आणि त्यात एक मोलाची गोष्ट स्पष्ट केली: प्रथा बंधनकारक नसून स्वेच्छेने पाळलेली असली, तरी तिला संरक्षण मिळू शकते. फ्रान्सने मात्र २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांत धर्माच्या ठळक खुणांना मनाई केली, म्हणजे सर्व देश एकाच दिशेने गेले असे नाही. तरीही नियम लिहिणाऱ्याने पाळावी अशी एक व्यवहारी रीत आहे. सवलत कोणाकडे, कशी आणि किती दिवसांत मागायची हे नियमातच लिहून ठेवावे, म्हणजे प्रत्येक कुटुंबाला मुख्याध्यापकांच्या मर्जीवर विसंबावे लागत नाही.

मुलींसाठी वेगळे आणि मुलांसाठी वेगळे नियम असतील, तर दोन्ही पोशाख घालून पळता येते का, जमिनीवर मांडी घालून बसता येते का, थंडीत उबदार राहता येते का, हे विचारावे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील एका शाळेने मुलींना स्कर्ट सक्तीचा केला होता. मधल्या सुट्टीत खेळताना आणि वर्गात बसताना सतत सावरावे लागते आणि हिवाळ्यात पाय गारठतात, अशी मुलींची तक्रार होती. २०२२ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने ही सक्ती समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. यावर सोपा उपाय असा की कपड्यांची एकच यादी करावी आणि तीतून कोणी काय निवडायचे ते मुलांवर सोडावे.

अंमलबजावणीची पद्धत हा या सगळ्यातला सर्वांत नाजूक भाग आहे. रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या पायांकडे बोट दाखवून ‘काळे बूट कुठे आहेत?’ असे चारचौघांत विचारले, तर उत्तर त्या मुलाकडे नसते. ते त्याच्या घरच्या पगाराच्या तारखेत असते. कपड्यांवरून मुलाला वर्गाबाहेर ठेवू नये, त्याच्या वर्गमित्रांसमोर बोलू नये, आणि जे काही बोलायचे ते पालकांशी खाजगीत बोलावे. शाळेच्या कपाटात निरनिराळ्या मापांचे काही जादा कपडे असावेत आणि ते मागताना कारण सांगावे लागू नये.

नियम खटकत असेल तर

पालकांनी सर्वप्रथम लेखी नियम मागून वाचावा, कारण तोंडी सांगितलेली सक्ती कागदावर पुष्कळदा नसतेच. त्यानंतर मुलाशी बोलावे. आपल्याला जे अन्यायाचे वाटते ते त्याला तसे वाटते का, आणि आपण तक्रार केल्यावर वर्गात त्याचे काय होईल, हे त्याच्याकडूनच कळते. मग एक छोटे पत्र लिहावे. कोणता नियम, तो कोणत्या प्रसंगी अडला, त्याचे कारण काय अशी विचारणा, आणि आपल्या मते कोणता बदल पुरेसा होईल, एवढे चार मुद्दे त्यात असावेत. ‘गणवेशच नको’ या मागणीपेक्षा ‘पावसाळ्यात चामड्याच्या बुटांऐवजी काळ्या रबरी चपला चालाव्यात’ ही मागणी मान्य होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. आणखी काही पालकांच्या सह्या मिळाल्या तर पत्राला वजन येते आणि एकाच मुलावर डूख धरला जात नाही.

शाळेने बदल मान्य केला, तर तो चालू वर्षाच्या मध्यात लादला जाऊ नये असाही आग्रह धरावा. नवा रंग किंवा नवा प्रकार पुढच्या वर्षापासून सुरू करावा, जुना गणवेश फाटेपर्यंत किंवा आखूड होईपर्यंत चालू द्यावा, आणि ही मुदत किमान दोन वर्षांची असेल असे परिपत्रकातच छापावे, म्हणजे मोठ्या भावंडाचे कपडे धाकट्याच्या अंगाला येण्याआधीच बाद होणार नाहीत.